विश्लेषण : जमिनीचे भांडण रक्तापर्यंत का जाते? गागोद्याच्या विनोबांनी घेतलेला शोध

विकासाची कामे जिथे येतात तिथेच हिंसक संघर्ष का उभा राहतो, हा प्रश्न आज जागतिक बँकेपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सगळ्यांना पडतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने तो प्रश्न घेऊन थेट धुमसत्या प्रदेशात पायी प्रवेश केला होता. तो माणूस मूळचा रायगड जिल्ह्यातला. त्याला सापडलेले कारण बरोबर होते का, आणि त्याने काढलेला उपाय कुठे तोकडा पडला?

मांडव्याच्या जेट्टीवर गेटवेहून येणारी बोट लागली की उतरणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसे सहज ओळखू येतात. एक घरी परतणारी, दुसरी जागा बघायला आलेली. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सेवा सुरू झाली आणि गाडीसकट येण्याची सोय झाली, तशी दुसऱ्या तऱ्हेची माणसे वाढली. मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात व्यवहाराची सुरुवात होते ती सातबाऱ्यापासून. शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, असे कुळकायद्याचे कलम ६३ सांगते, म्हणून आधी शेतकरी असल्याचा दाखला शोधला जातो. मग वारसांची नावे, जुनी कुळे, बांधाची हद्द. एका गुंठ्यामागे तीन पिढ्यांचा राग निघू शकतो, हे इथल्या कुठल्याही तलाठ्याला विचारावे लागत नाही.

मांडव्याशेजारच्या रेवसवरून करंजाची खाडी ओलांडली की उरण. तिथे नवी मुंबई आणि बंदरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचे ते आंदोलन विकासाच्या विरोधात नव्हते. विकासात आपला वाटा किती, एवढाच त्याचा प्रश्न होता. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण पुढे त्यातूनच आले. म्हणजे तोडगा होता, तो माणसे मेल्यावर सापडला.

याच जिल्ह्याच्या पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. विनायक नरहर भावे यांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. पुढे देशाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. आज त्यांचे नाव निघते ते गीताई, मौन आणि आचार्य या तीन शब्दांभोवती. हिंसेच्या कारणांचा अभ्यासक म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

गागोदे ते पवनार

आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या देखरेखीत विनायकाचे बालपण गागोद्यात गेले. वडील नरहरराव बडोदा संस्थानात कापडरंगाईच्या क्षेत्रात नोकरीला होते. घरच्या फणसाचे गरे आधी शेजाऱ्यांना, मग घरच्यांना, हा आईचा शिरस्ता विनोबा म्हातारपणीही सांगत. कुटुंब बडोद्याला गेले, शाळा-कॉलेज तिथेच झाले; गणितात मुलगा हुशार. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून थेट काशीला गेला. शाळेची प्रमाणपत्रे त्याआधीच त्याने घरच्या चुलीत घातली होती. काशीत गांधीजींचे हिंदू विश्वविद्यालयातले गाजलेले भाषण वर्तमानपत्रातून वाचून त्याने पत्र लिहिले आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब आश्रमात पहिली भेट झाली.

पुढची तीस वर्षे लवकर सांगून होतात, कारण ती बहुतेक एकाच ठिकाणी गेली. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आले. आश्रम, सूतकताई, संडास-सफाई, तुरुंग. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. १९३८ पासून मुक्काम धाम नदीकाठी पवनारला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला माणूस म्हणून त्यांना निवडले, तेव्हा हे विनोबा कोण, असा प्रश्न देशभर विचारला गेला. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांत आणि मेवातच्या मुसलमानांमध्ये त्यांनी काम केले. हिंसा झाल्यानंतर उरलेली माणसे कशी दिसतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

तेलंगणात नेमके काय पेटले होते?

निजामाच्या हैदराबाद संस्थानातला तेलंगण हा तेव्हा देशातला सर्वांत रक्तरंजित ग्रामीण प्रदेश होता. मराठी वाचकाला तो परका वाटायला नको. बीड, परभणी, नांदेड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हेही त्याच संस्थानात होते आणि जहागिरी, सारा, रझाकार हे शब्द त्यांनाही ठाऊक होते. पण तेलंगणातली घडण जास्त करकचून बांधलेली होती. देशमुख म्हणवणाऱ्या जमीनदारांकडे हजारो एकर जमिनी. त्यांच्या गढीवर गावातल्या प्रत्येक जातीने फुकट राबायचे. या वेठबिगारीला तिथे वेट्टी म्हणत. कोष्ट्याने कापड, कुंभाराने मडकी, परटाने धुणे, दलितांनी निरोप आणि ओझी, सगळे विनामोबदला.

४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात दोड्डी कोमरय्या हा तरुण मारला गेला आणि धुमसणारी आग भडकली. कम्युनिस्टांनी सशस्त्र दले उभी केली. देशमुख शहरांकडे पळाले. कम्युनिस्टांच्या स्वतःच्या नोंदीनुसार सुमारे ३ हजार गावांत त्यांची सत्ता चालली, १० लाख एकर जमीन वाटली गेली आणि सुमारे ४ हजार कार्यकर्ते व शेतकरी मारले गेले. आकड्यांबद्दल वाद होऊ शकतो. गावांनी काही काळ का होईना जमीनदाराविना जगून पाहिले, याबद्दल नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले, निजाम शरण आला, रझाकार संपले. त्यानंतर ते सैन्य तेलंगणाच्या रानात वळले. देशमुखांपैकी अनेक जण सैन्याच्या मागोमाग गावी परतले आणि वाटलेली जमीन परत मागू लागले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळांसाठी कायदाही आला. पण कागदावरचा कायदा गावात पोहोचण्याआधी गावात पोलिसांची छावणी पोहोचली होती. दिवसा पोलीस, रात्री बंदूकधारी. दोघेही शेतकऱ्याला एकच विचारत: तू कोणाचा?

राज्यकर्त्यांचा समज असा होता की हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. कम्युनिस्ट संपले की तो संपेल. कम्युनिस्टांचा समज असा की बंदूक खाली ठेवली की जमीन जाईल. दोघांच्याही समजाला अनुभवाचा आधार होता, हीच अडचण होती.

विनोबा तिथे का गेले?

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबा त्या काळी पवनारच्या आश्रमात पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग करत होते. सहकाऱ्यांनी आग्रह धरला तेव्हा ते जायला तयार झाले, पण पायी. ८ मार्चला निघून सुमारे तीनशे मैल चालत ते पोहोचले. संमेलन आटोपल्यावर सरळ माघारी न येता त्यांनी तेलंगणाच्या गावांतून परतायचे ठरवले. निघण्याआधी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन ते कम्युनिस्ट कैद्यांना भेटले. ती रामनवमी होती.

या भेटीकडे चरित्रकार सहसा एका ओळीत पाहून पुढे जातात. खरे तर ती सगळ्यात महत्त्वाची पायरी होती. ज्यांच्यावर खुनाचे आरोप होते त्यांचे म्हणणे आधी ऐकायचे, त्यांचा मार्ग नाकारायचा पण तक्रार नाकारायची नाही, हा क्रम विनोबांनी तिथे पक्का केला. हिंसा करणारा कोण, याआधी त्याला साथ देणारा साधा माणूस का साथ देतो, हे विचारायचे. पोलिसी बंदोबस्त त्यांनी निरुपयोगी ठरवला नाही, पण पोलीस विचाराशी लढू शकत नाहीत असे ते म्हणत राहिले. चालत जाण्यालाही यात अर्थ होता. गाडीतून उतरणारा माणूस गावातल्या मोठ्या घरी उतरतो. रोज दहा-बारा मैल चालून येणाऱ्याकडे रस्त्यातच माणसे बोलत येतात.

पोचमपल्ली, १८ एप्रिल १९५१

तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातले पोचमपल्ली हे विणकरांचे गाव. इक्कतच्या साड्यांमुळे आज ते पर्यटकांनाही माहीत आहे. १८ एप्रिलला विनोबा तिथल्या दलित वस्तीत गेले आणि काय हवे आहे असे विचारले. चाळीसएक भूमिहीन कुटुंबांनी जमीन मागितली: चाळीस एकर बागायत, चाळीस एकर जिरायत. मागणी लांबलचक नव्हती. समाजक्रांती नको होती, गढी जाळायची नव्हती. ऐंशी एकर.

सरकारकडे अर्ज करू, असे विनोबांना वाटले होते. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला जमलेल्या गावकऱ्यांपुढेच त्यांनी प्रश्न ठेवला की सरकारची वाट न पाहता गावातूनच काही होईल का. वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. मागितले त्याहून वीस जास्त.

विनोबांना त्या रात्री झोप लागली नाही, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. भक्त असल्यामुळे त्यांनी त्यात ईश्वरी संकेत पाहिला. गणिती असल्यामुळे लगेच हिशेबही मांडला. देशातल्या भूमिहीनांना पुरेल अशी जमीन म्हणजे ५ कोटी एकर. लागवडीखालच्या जमिनीचा साधारण सहावा हिस्सा. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, ही मागणी तिथून सुरू झाली. पुढच्या गावांतून ते रोज मागत गेले. ५१ दिवसांत १२ हजार २०१ एकर जमीन मिळाली.

एक प्रश्न इथे टाळता येत नाही. रामचंद्र रेड्डींनी जमीन दिली ती मनाच्या मोठेपणातून की भोवतालच्या भीतीतून? बंदुकांच्या प्रदेशात पाच वर्षे काढलेल्या जमीनदाराला शंभर एकर देणे शहाणपणाचेही होते. कम्युनिस्टांनी तेव्हाच म्हटले की आमच्या लढ्याने नांगरलेल्या जमिनीत विनोबांनी पेरणी केली. हे म्हणणे पूर्ण खोटे नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सशस्त्र लढा मागे घेतला. त्यात सैन्याचा रेटा, पक्षातले मतभेद, जवळ आलेल्या निवडणुका अशी अनेक कारणे होती. भूदान त्यातले एक, आणि बहुधा सर्वांत मोठे नव्हे.

दिल्लीतल्या नियोजनकारांशी गाठ

पंडित नेहरूंनी पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर चर्चेसाठी विनोबांना बोलावले. त्यांनी विमान नाकारले. सप्टेंबर १९५१ मध्ये पवनारहून निघून, वाटेत जमीन मागत, ते नोव्हेंबरात दिल्लीला पोहोचले आणि राजघाटाजवळ झोपडीत उतरले. नियोजन आयोगाचे सदस्य तिथे त्यांना भेटायला आले.

त्यांचे आक्षेप दोन होते. सर्वांना काम देण्याची हमी नसलेली योजना राष्ट्रीय म्हणता येत नाही, आणि अन्नधान्याच्या स्वावलंबनाचा शब्द पाळला जात नाही. उत्पादन आधी वाढवू, वाटप नंतर पाहू, या विचाराला त्यांचा विरोध होता. वाटप लांबणीवर पडले की उत्पादनाबरोबर रागही वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. तेलंगण हे त्यांचे उदाहरण.

आंतरराष्ट्रीय विकासाच्या क्षेत्रात ही गोष्ट कळायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मदत करणाऱ्या संस्था गरिबी हेच हिंसेचे कारण धरून चालल्या. धरणे, रस्ते, संकरित बियाणे दिले की शांतता आपोआप येईल. मग मदतीमुळेच गटागटांत भांडणे लागतात, हे दिसू लागले. १९९० च्या दशकात मेरी अँडरसन यांनी दाखवून दिले की मदत कोणामार्फत वाटली जाते, यावरून ती आग विझवते की भडकवते हे ठरते. त्याच सुमारास पॉल कोलियर यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी यादवी युद्धामागे अन्यायापेक्षा लोभ आणि लुटीची संधी जास्त असते, असा मुद्दा मांडला आणि मोठा वाद झाला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त अहवालाने तराजू पुन्हा वगळले जाण्याच्या बाजूला झुकवला. सत्ता, जमीन व नैसर्गिक साधने, सरकारी सेवा, आणि न्याय-सुरक्षा या चार ठिकाणी एखाद्या गटाला बाहेर ठेवले गेले, आणि ते जाणवू लागले, की ठिणगीला दारू मिळते, असा त्याचा आशय आहे. निव्वळ गरिबीपेक्षा शेजारच्या घरी दिसणारी विषमता घातक ठरते.

नलगोंड्यात चारही दारे बंद होती. गढी हीच सत्ता, गढीचीच जमीन, गढीच्याच हातात चावडी, आणि गढीविरुद्ध दाद गढीकडेच. विनोबांनी त्यातले एक दार ओळखले आणि आपले सगळे बळ तिथे लावले. उरलेल्या तीन दारांकडे त्यांचे लक्ष कमी पडले, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

चंबळच्या खोऱ्यातला मे महिना

भूदानाइतका गाजावाजा न झालेला, पण या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका प्रसंग मे १९६० मधला आहे. दरोडेखोर मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीच्या कोठडीत होता. त्याने विनोबांना पत्र लिहून खोऱ्यात येण्याची विनंती केली. लष्करातले अधिकारी यदुनाथसिंह यांनी मधली बोलणी केली. विनोबा भिंड-मुरैनाच्या घळींतून चालत गेले आणि वीसएक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. लुक्का नावाने ओळखला जाणारा लोकमन दीक्षित त्यांतला.

विनोबांनी तिथेही तेच विचारले: हा माणूस रानात का गेला? उत्तरे बहुतेक सारखीच येत. भाऊबंदकीतले जमिनीचे भांडण, त्यात एक खून, मग पोलिसांनी पैसेवाल्या बाजूची केलेली पाठराखण, आणि बदल्यासाठी धरलेली बंदूक. खोऱ्यात शस्त्र ही प्रतिष्ठा होती आणि कोर्टात न्याय मिळेल यावर कोणाचा भरवसा नव्हता. पोलीस अधिकाऱ्यांना हे सगळे आवडले नाही. गुन्हेगारांना संत बनवले जात आहे, जिवावर उदार होऊन लढणाऱ्या पोलिसांचा अपमान होतो आहे, अशी उघड टीका झाली. ती टीका चुकीची म्हणून झटकण्यासारखी नव्हती. ज्यांची माणसे दरोड्यांत मेली त्या कुटुंबांना या समारंभात जागा काय होती? विनोबांनी कोणालाही शिक्षेतून सूट मागितली नाही. खटले रीतसर चालले. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शेकडो दरोडेखोर शरण आले, तेव्हा या पहिल्या प्रयत्नातल्या चुका आणि धडे दोन्ही हाताशी होते.

भाषिक दंगलींनी पेटलेल्या आसामात, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातही, विनोबा चालत गेले. त्याआधी १९५७ मध्ये केरळात त्यांनी शांतिसेना उभी केली होती. दंगल उसळल्यावर धावत जाण्यापेक्षा त्या वस्तीत आधीपासून ओळख असलेली माणसे हवीत, ही तिच्यामागची साधी समजूत.

जमीन किती मिळाली, कुठे गेली?

१९५७ पर्यंत ५ कोटी एकर हे लक्ष्य होते. प्रत्यक्षात देशभरात मिळून सुमारे ४२ लाख एकर मिळाली. एकट्या बिहारमधली सुमारे २२ लाख. कुठल्याही एका माणसाने शब्दावर मागून एवढी जमीन मिळवल्याचे दुसरे उदाहरण नाही, हे खरे. त्या जमिनीत नदीचे पात्र होते, खडक होते, जंगल होते, कोर्टात भांडण चालू असलेले तुकडे होते, हेही तितकेच खरे. वाटली गेली ती निम्म्याहून बरीच कमी. ज्याला मिळाली त्याच्याकडे बैल नव्हता, बियाणे नव्हते, विहीर नव्हती. काही ठिकाणी दान देणाऱ्याच्या मुलाने ताबा सोडला नाही. दानपत्र होते, फेरफार नव्हता. सातबाऱ्याच्या राज्यात राहणाऱ्याला या दोहोंमधले अंतर समजावून सांगायला नको.

त्या उणिवा भरून काढायला देशाबाहेरून हातही पुढे आले. इटलीचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक जोव्हान्नी एर्मिलिया यांनी तमिळनाडूत भूदानाच्या पडीक जमिनीवर भूमिहीनांची शेते उभी करण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक सर्वोदय कार्यकर्त्यांसोबत असेफा ही संस्था सुरू केली. विहिरी, जमीन सपाट करणे, कर्जाची सोय अशी कामे तिने केली. मिळालेली जमीन पिकवायला किती वर्षे आणि किती पैसे लागतात, याचा हिशेब तिथे समोर आला. तो पदयात्रेत मांडला गेला नव्हता.

१९६७ मध्ये नक्षलबारी झाली. तीन वर्षांनी बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या मुसहरी भागात सर्वोदय कार्यकर्त्यांनाच नक्षलवाद्यांकडून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जयप्रकाश नारायण तिथे जाऊन राहिले. त्यांना दिसले ते असे: कमाल जमीनधारणेचा कायदा बेनामी नावांनी गुंडाळून ठेवलेला, किमान वेतन कागदावर, झोपडीच्या जागेचा हक्क मजुराला नाही, आणि भूदानाची जमीनही पुरती वाटलेली नाही. बंदुकीला दोष देण्याआधी हे पाहावे लागेल, असे त्यांनी लिहिले. विनोबांच्या सर्वांत मोठ्या सहकाऱ्याने विनोबांच्याच पद्धतीने विनोबांच्या चळवळीचे केलेले हे परीक्षण होते. पाच वर्षांच्या आत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आणीबाणीला विनोबांनी अनुशासनाचे पर्व म्हटले, असा अर्थ सत्ताधाऱ्यांनी लावला आणि तो देशभर भिंतींवर रंगवला. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा झाला, पण भिंतींवरची अक्षरे टिकली. अनेक सर्वोदयी कार्यकर्ते त्या काळात तुरुंगात होते. सत्ता हे दार त्यांनी दुर्लक्षिले होते, त्याची किंमत अशी वसूल झाली.

कोलाबा जिल्ह्याने दुसरी वाट का धरली?

विनोबांचा जन्मजिल्हा, म्हणजे तेव्हाचा कोलाबा, दानाच्या वाटेने गेला नाही. इथे खोती होती. खोत सारा गोळा करी, पिकाचा मोठा वाटा घेई आणि कुळाकडून वेठही. १९३० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन कसायचीच नाही, असा संप पुकारला आणि तो अनेक वर्षे चालवला. कुळांनी लाकडे विकली, मासे धरले, उपास काढले. जमिनी पडीक राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळांचा कायदा आला, १९४८ मध्ये तो अधिक कडक झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळे मालक मानली गेली.

संघर्ष इथेही तीव्र होता, पण तो तेलंगणासारखा बंदुकीपर्यंत गेला नाही. शेतकऱ्यांकडे संघटना होती, विधिमंडळात त्यांचा माणूस होता, वर्तमानपत्र होते आणि कोर्टाची पायरी चढता येत होती. दारे किलकिली होती. जमिनीची विषमता दोन्हीकडे होती. दाद मागायची जागा एकीकडेच होती. विनोबांना कायद्यावर विसंबणे आवडत नसे. कायद्याने जमीन मिळेल, पण मने तुटतील, असे ते मानत. कोलाब्याचा अनुभव त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. मात्र कुळकायद्यात ज्यांचे नावच लागले नव्हते त्या आदिवासी आणि शेतमजुरांना इथेही काही मिळाले नाही, आणि त्या भूमिहीनांची आठवण ठेवणारे विनोबाच होते.

पवनारचा शेवट आणि लेखा मेंढा

तेरा वर्षे चालून विनोबा एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतले. शेवटची वर्षे त्यांनी आश्रमातच काढली. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

भूदानाच्या पुढच्या टप्प्यात त्यांनी ग्रामदान मांडले होते: जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसणे कुटुंबाचे, बाहेरच्याला विक्री नाही. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४ मध्ये कायदा केला आणि तो बहुतेक विसरला गेला. २०१३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तो धूळ झटकून बाहेर काढला. नक्षलवादी आणि पोलीस या दोघांच्या मध्ये अनेक दशके काढलेल्या जिल्ह्यातले हे गाव. ग्रामसभेत प्रत्येक निर्णय एकमताने घेण्याची त्याची पद्धत, आणि २००९ मध्ये त्याने जंगलावरचा सामूहिक हक्कही मिळवलेला. तिथल्या कुटुंबांनी आपापली जमीन कागदोपत्री ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला.

पोचमपल्लीच्या नावामागे आता भूदान हा शब्द अधिकृतपणे लागतो. हैदराबाद शहर वाढत गेले तसे आसपासच्या भूदान जमिनींचे भाव कोटींत गेले आणि त्यांच्या बेकायदा विक्रीचे खटले न्यायालयांत उभे राहिले.